गेटवरची धाकटी

दाजी खरं तर एकाच माणसाचा दाजी होता. पण बायकोचा भाऊ जिथे कामाला आहे तिथेच स्वतःही कामाला लागलं, की माणूस आपोआप सगळ्यांचा दाजी होतो. कोल्ड स्टोरेजमधले हमाल त्याला दाजी म्हणत, हमालांचा मुकादम म्हणे, ट्रकवाले म्हणत, समोरचा चहावाला तर लांबून हात करून म्हणे. म्हणताना प्रत्येकाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं असे. दाजीला त्याचं काही वाटत नसे. सिक्युरिटी एजन्सीनं त्याला एक खाकी ड्रेस, एक शिट्टी आणि एक कुत्री दिली होती, आणि त्यातली कुत्री सोडली तर बाकी काही धड नव्हतं. ड्रेस काखेत उसवलेला, शिट्टी वाजली तर वाजली.

कुत्री मात्र अशी, की बघणाऱ्यानं गुमान मागे सरावं. रुंद छाती, काळं तोंड, अंगावर बोट रुतेल एवढे दाट केस. एजन्सीनं तिला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही. दाजी चहा प्यायला गेला तर ही मागे, मुतारीकडे गेला तरी ही मागे आणि दाराबाहेर बसून राहणार. तेव्हा मुकादमानंच जाहीर करून टाकलं, की दाजीची थोरली घरी आणि धाकटी गेटवर. झालं, नाव पक्कं. मेहुण्यानं हा विनोद घरी जाऊन बहिणीला सांगितला तेव्हा थोरली म्हणाली, "तिला म्हणावं एक दिवस येऊन भांडी घास, मग सवत म्हणेन."

मेहुण्यालाही त्याच्या नावानं कोणी हाक मारत नसे. तो पेंग्विन. फ्रीझरच्या खोलीत काम करणाऱ्याला जाडजूड जॅकेट, कानटोपी आणि ढोपरापर्यंतचे रबरी बूट घालावे लागतात, आणि हा मुळात बुटका. खोकी उचलून डुलत डुलत निघाला की सगळे हमाल हसायचे. तोही हसायचा. मनाचा साफ माणूस. साफ मनाची माणसं जगाला लागतात, कशाकशाला लागतात ते पुढे येईलच.

या कोल्ड स्टोरेजची एक रीत होती. फ्रीझर आणि बाहेरचा डॉक, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवायचा ओटा, यांच्यामध्ये एक बोळासारखी खोली होती, ना धड थंड ना धड गरम. तिला सगळे 'मधली' म्हणत. फ्रीझरमधून निघालेल्या माणसानं थेट बाहेर उन्हात जायचं नाही, मधलीत थांबायचं, बोटं चोळायची, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, अंग माणसात आलं की मग बाहेर. कधीतरी कोणीतरी थेट उन्हात गेला आणि तोंडावर आपटला, तेव्हापासून मुकादम या बाबतीत कोणाचं ऐकत नसे. पण हा नियम बाहेर येण्याचा. आत जायला कसला आलाय नियम. उन्हाळ्यात फ्रीझरमध्ये शिरायला मिळणं म्हणजे बक्षीस. डॉकवर कोणाला गरगरलं की मुकादम म्हणायचा, जा रे, फ्रीझरमध्ये उभा राहून ये. माणूस जायचा, शहारून परत यायचा आणि पुन्हा खोकी उचलायला लागायचा. त्या आवारात प्रत्येकाच्या डोक्यात एवढं घट्ट बसलं होतं, की थंडी म्हणजे औषध, आणि औषध जेवढं कडक तेवढं चांगलं.

धाकटी आली ती हिवाळ्यात. गेट उघड्यावर, वारा अंगाला चावणारा. कंपनीनं तिला जागा दिली ती केबिनच्या पायरीखालची, नुसती सिमेंटची. सकाळी उठायची तेव्हा तिचे मागचे पाय जड झालेले असायचे, दोनतीनदा प्रयत्न करून उभी राहायची. दाजीनं मॅनेजरला सांगून पाहिलं. मॅनेजर काचेच्या केबिनमध्ये हीटरजवळ बसून म्हणाला, की कुत्र्याला देवानं कोट दिलेला असतो. देवानं मॅनेजरलाही कातडं दिलं होतं, तरी त्यानं वर स्वेटर घातला होता. पण हे दाजीनं मनातच म्हटलं.

मग पेंग्विननं आणि बाकीच्यांनी हात घातला. माल ठेवायची एक लाकडी पॅलेट आणली, म्हणजे सिमेंट अंगाला लागायला नको. त्यावर पोती. जुन्या खोलीच्या मोडून काढलेल्या भिंती मागे पडल्या होत्या, आत फोम भरलेले पत्रे, त्यांचं बुटकं घर केलं. पहिलं घर ऐसपैस केलं होतं, त्यात ती कुडकुडायचीच. मग मुकादमाच्या लक्षात आलं, की घर तिच्या स्वतःच्या उबेनं तापलं पाहिजे, तर ते अंगालगत हवं. मोडून लहान केलं, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला फिरवलं. बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरायचा, तो फोडून दाजी चहावाल्याकडचं कोमट पाणी ओतायचा. फेरी मारून आली की तिच्या पंज्यांच्या बोटांमधली ओल फडक्यानं टिपायचा. पेंग्विननं आपलं फाटकं जॅकेट दिलं, बाह्या कापून ते तिला घातलं, तेव्हा मुकादम म्हणाला, की वहिनी माहेरच्या वळणावर गेल्या. पेंग्विन एवढा खूश, की तो दिवसभर वहिनींना बिस्किटं चारत होता.

हे सगळं झालं कारण तिकडे कोणी बघत नव्हतं. गरिबांच्या हातून जे काही चांगलं होतं ते असंच, साहेबाची पाठ असताना.

उन्हाळा आला आणि साहेबाचं लक्ष गेलं.

गेटजवळ पूर्वी एक झाड होतं म्हणे. ट्रक वळायला अडचण होते म्हणून ते तोडलं होतं. आता तिथे होतं काळंभोर डांबर, आणि दुपारी त्यातून वाफ निघायची. दाजी तळहात उलटा करून डांबरावर टेकवून बघायचा. हात ठेववला नाही, तर धाकटीचा पाय तिथे पडणार नाही, एवढं साधं गणित त्याला एजन्सीतल्या एका म्हाताऱ्यानं शिकवलं होतं. म्हणून त्यानं आपल्यापुरती सोय लावली. सकाळ-संध्याकाळ ती गेटवर, आणि ऊन चढलं की डॉकच्या मागे मधलीच्या दारापाशी. त्या दाराच्या फटीतून गार हवा झिरपायची. जमिनीवर पाणी मारलं की धाकटी चारी पाय पसरून पोट टेकवायची आणि डोळे मिटायची. मधलीत थांबलेले हमाल येता-जाता तिला पाय लागू नये म्हणून उडी मारून जायचे.

काचेच्या केबिनमध्ये आता एसी होता आणि समोर कॅमेऱ्यांचा पडदा. भर दुपारी गेटच्या चौकटीत कुत्री दिसत नाही हे मॅनेजरला त्या पडद्यावर दिसलं. त्यानं दाजीला बोलावून घेतलं आणि विचारलं, की चोर काय घड्याळ बघून येतात का. दाजी म्हणाला, की एवढ्या उन्हात चोरसुद्धा येत नाहीत साहेब. हे बोलणं मॅनेजरला झोंबलं. तो म्हणाला, की कुत्र्यानं चोर पकडावा म्हणून आपण कुत्रा ठेवलेला नाही, तो दिसावा म्हणून ठेवला आहे. दाजीनं निदान ताडपत्री बांधायची परवानगी मागितली. ताडपत्रीनं गेटची शोभा जाते असं उत्तर मिळालं.

शोभेचं कारण पुढच्याच आठवड्यात कळलं. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन येणार होते. परदेशात माल पाठवायचा होता, तिथल्या गिऱ्हाइकांची माणसं जागा बघायला येणार होती, आणि त्यांना सिक्युरिटी हवी होती. मॅनेजरनं धाकटीसाठी खास जॅकेट शिवून आणलं. काळंकुट्ट, पाठीवर पिवळ्या अक्षरात कंपनीचं नाव. आणि नवं मुसकं. जुनं तारेचं होतं, त्यात तोंड उघडता यायचं, जीभ बाहेर काढता यायची, पाणीसुद्धा पिता यायचं. मॅनेजर म्हणाला, ते टोपलीसारखं दिसतं. नवं चामड्याचं, तोंडाला गच्च बसणारं. पाहुण्यांच्या बायका घाबरायला नकोत.

दाजीनं सांगायचं ते सांगितलं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, त्याची सगळी उष्णता जिभेवाटे जाते, तोंड बांधलं तर तापलेल्या कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखं होईल. मॅनेजर फोनवर बोलत होता. फोनवरच्याला थांबायला सांगून तो दाजीला म्हणाला, की पाच-दहा मिनिटांचा प्रश्न आहे, एवढं काय. आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला.

तर त्या दिवशी दुपारी धाकटी काळं जॅकेट घालून, तोंड बांधून गेटवर उभी राहिली. पाहुणे येतो म्हणाले त्या वेळेला आले नाहीत. मोठ्यांची पाच-दहा मिनिटं त्यांची त्यांनाच माहीत. दाजीनं बादलीभर पाणी तिच्या पायाखाली ओतलं, ते बघता बघता सुकलं. मग तो तिच्या आणि उन्हाच्या मध्ये उभा राहिला, आपली सावली तिच्या अंगावर पडावी म्हणून. पण सूर्य डोक्यावर असताना माणसाची सावली ती केवढी, जेमतेम कुत्रीच्या कानावर आली. ती एकेक पाय उचलत होती, एक टेकवला की दुसरा. नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या. दाजीनं कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि मुसक्याचा पट्टा एक घर सैल केला. लगेच एका बाजूनं जीभ बाहेर आली, लांबलचक, आणि ती धापा टाकायला लागली.

ते मॅनेजरला दिसलं. कॅमेरा एकच नव्हता. तो स्वतः आला, एवढ्या उन्हात, छत्री धरून. वाकला, तिची जीभ बोटानं आत ढकलली आणि पट्टा ओढून होता त्यापेक्षाही एक घर पुढे आवळला. मग रुमालानं बोटं पुसली.

"आता याला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला.

आणि छत्री सावरत परत गेला. डॉकवर मुकादम होता, बाजूला हमाल रांगेनं उभे होते, पाहुण्यांसाठी धुतलेली जॅकेटं घालून. सगळ्यांनी बघितलं. बघण्यासारखंच होतं.

दाजीनं हात लावला नाही. बराच वेळ लावला नाही. घरी थोरली, पोरांची शाळा, भाड्याची खोली, हे सगळं त्या एका पट्ट्याला लटकलेलं होतं, आणि ज्याला कधी असं उभं राहावं लागलेलं नाही त्यानं दाजीला शहाणपण शिकवायला येऊ नये. धाकटीनं आधी त्याच्या गुडघ्याला अंग टेकवलं. तिचं अंग एवढं तापलं होतं, की पँटीतून चटका बसला. मग ती बसली, आणि बसलेली उठेना. मग मागचे पाय तिच्याखालून निघून गेले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

तेव्हा त्यानं पट्टा सोडला. बक्कल निघेना, निघालं तेव्हा जीभ बाहेर पडली ती विटेच्या रंगाची. आणि नेमका त्याच वेळी वळणावर हॉर्न वाजला. मॅनेजर दारातून हातवारे करायला लागला. कुत्री हलवा, तू उभा राहा. पेंग्विन डॉकवरून ट्रॉलीत पाण्याची बादली घालून धावत आला, धावताना डुलत होता पण हसलं कोणी नाही. त्यानं बादली तिच्या अंगावर रिकामी केली, जॅकेटसकट तिला उचलून ट्रॉलीत घातलं आणि दाजीकडे बघितलं.

"फ्रीझरला नेऊ का, दाजी?"

दाजीनं मान हलवली. हो म्हणून. त्या आवारात तेव्हा कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हीच मान हलवली असती. पेंग्विन ट्रॉली घेऊन पळाला, आणि दाजीनं हात कपाळाला नेऊन गाड्यांना सलाम केला. काचा बंद होत्या. आतल्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ज्यांना कुत्री दिसावी म्हणून हा सगळा खटाटोप, ते मोबाईलमध्ये मान घालून आत गेले.

पुढचं सगळं रीतसर झालं. पेंग्विननं तिला सगळ्यात थंड कोपऱ्यात, लोखंडी फरशीवर ठेवलं, दार लावलं, आणि मुकादमानं हाक मारली म्हणून तो रांगेत येऊन उभा राहिला. आता हिला आराम पडेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. मॅनेजर पाहुण्यांना बटाट्याची खोली दाखवत होता, मटारची खोली दाखवत होता. एका पाहुणीनं विचारलं, की तुमच्याकडे कुत्रा आहे असं ऐकलं. मॅनेजर म्हणाला, आहे ना, पण दुपारी आम्ही तिला विश्रांती देतो, मुक्या जनावराचे हाल आम्हाला बघवत नाहीत. पाहुणीला फार बरं वाटलं. रांगेतल्या हमालांनी बुटांकडे बघितलं.

पाहुणे वर चहाला गेले तेव्हा दाजी धावला. फ्रीझरचं दार उघडलं तर धाकटी जिवंत होती. पण कशी. ओले केस गोठून काड्यांसारखे ताठ झाले होते, पापण्यांवर पांढरी भुकटी, आणि ओलं पोट लोखंडाला चिकटलं होतं. ती अशी कापत होती, की दातांचा आवाज येत होता. दाजीनं तिच्या तोंडात बोटं घातली, तर आत अजून भट्टी. वरून बर्फ आणि आतून आग. कोमट पाणी ओतून तिला सोडवावं लागलं, पोटाचे केस फरशीलाच राहिले. तिला मधलीत आणलं. पेंग्विन नुसता "दाजी, दाजी" करत होता.

जनावरांची डॉक्टरीण स्कूटरवरून आली. तरुण होती, वाढवून बोलणारी नव्हती. तिनं सुई दिली, सलाईन लावलं, आणि लावता लावता सांगितलं, की अशा वेळी सावलीत घ्यायचं, नळाचं साधं पाणी पोटावर आणि जांघेत सोडायचं, वारा घालायचा, आणि लगेच माझ्याकडे आणायचं. बर्फ नाही, फ्रीझर तर नाहीच नाही. एकदम गारठा लागला की कातडी बंद होते, आतली उष्णता आतच कोंडते, आणि कुडकुडून अंग आणखी तापतं. पेंग्विन हे ऐकत उभा होता. त्याचा चेहरा बघून डॉक्टरीण थांबली. मग म्हणाली, की फ्रीझरनं बिघडवलं हे खरं, पण जनावर असं कोसळतं तेव्हा आतलं बरंचसं आधीच शिजलेलं असतं. हिला तोंड बांधून उन्हात कोणी उभं केलं होतं?

धाकटीनं संध्याकाळ होण्याआधी जीव सोडला. रोज जी जागा तिला आवडायची त्याच दाराच्या आतल्या बाजूला. नगरपालिकेची गाडी आली आणि घेऊन गेली.

कुत्री एजन्सीच्या मालकीची, त्यामुळे एजन्सीचा साहेब चौकशीला येणार होता. माणूस मेला असता तर कदाचित आला नसता. आदल्या संध्याकाळी दाजीनं थोरलीला सांगितलं, की मी सगळं सांगणार आहे. ती भाजी निवडत होती. तिनं विचारलं, सांगून ती परत येणार आहे का. दाजी म्हणाला, ती नाही येणार, पण तिच्या जागी दुसरी येईल, त्याच जागी, त्याच डांबरावर. थोरलीनं हातातली जुडी खाली ठेवली.

"मग सांगा," ती म्हणाली. "पण माझ्या भावाला बाहेर ठेवा."

ते कसं जमणार होतं. फ्रीझर सगळ्यांनी बघितला होता. दाजी म्हणाला, मी हो म्हणालो म्हणून त्यानं नेली, तेही मी सांगणार. तो दोष माझा. मुसक्याचा दोष मॅनेजरचा. ज्याचं त्याच्या पदरात टाकतो आणि मोकळा होतो. थोरलीला हे पटलं नाही, पण तिनं त्याचा ड्रेस काखेत शिवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी काचेच्या केबिनमध्ये सगळे उभे होते. बसलेले दोनच, मॅनेजर आणि एजन्सीचा साहेब, दोघांपुढे थंड सरबत. दाजीनं काही लपवलं नाही. तोंड बांधू नका असं मी सांगितलं होतं. पट्टा मी सैल केला, यांनी येऊन स्वतःच्या हातानं आवळला आणि मला दम दिला. मी घाबरलो, ती पडेपर्यंत सोडला नाही. फ्रीझरला नेऊ का असं मेहुण्यानं विचारलं, मी मान हलवली. बोलताना त्याचा आवाज एकदाही चढला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, की नवीन कुत्रं द्याल तर दुपारी त्याला सावली द्या, आणि तोंड उघडं राहील असं मुसकं द्या, माझं दुसरं काही मागणं नाही.

मॅनेजर हसला. एजन्सीच्या साहेबानं विचारलं, हे कोणी बघितलं. मुकादम म्हणाला, मी खोकी मोजत होतो, माझी मान खाली होती. त्याच्या मागच्यांनीही माना खालीच घातल्या, म्हणजे त्याचं म्हणणं खरं वाटावं. ज्यांनी धाकटीसाठी घर मोडून पुन्हा बांधलं होतं, तीच ही माणसं. त्यांना दोष द्यायचा तर देता येतो, त्याला काही लागत नाही.

मग पेंग्विनला विचारलं. तो जॅकेट घालूनच आला होता, आणि त्या गार केबिनमध्ये त्याला घाम फुटला होता.

"साहेब, मीच मारली तिला," तो म्हणाला. "माझ्याच अकलेनं फ्रीझरमध्ये टाकली. दाजी काही बोलले नव्हते. दाजी गेटवर होते."

"आणि मुसकं?"

पेंग्विननं दाजीकडे बघितलं नाही. "मुसकं सैलच होतं, साहेब."

दाजीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्याला मॅनेजरच्या तोंडावरची सायीसारखी शांतता दिसली आणि सगळं कळलं. मॅनेजर उदार झाला. म्हणाला, अडाणी माणूस आहे, चांगल्या बुद्धीनं गेला होता, पोटावर पाय द्यायला नको, समज देऊन सोडू. एजन्सीचा साहेबही उदार झाला. हमालांना सुटल्यासारखं वाटलं. एका क्षणात त्या केबिनमध्ये सगळेच दयाळू झाले, फक्त दाजी खोटारडा ठरला. बाहेर आल्यावर साहेबानं त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की गिऱ्हाइकावर असे आरोप करणारा माणूस आम्हाला परवडत नाही, दुसरीकडे जागा झाली तर कळवू. शिट्टी तिथेच काढून घेतली.

कळवलं नाही, हे सांगायला नकोच.

पेंग्विन आला तो बऱ्याच दिवसांनी, सुट्टी नव्हती तरी दुपारच्या पाळीआधी. दारात बूट काढून उभा राहिला. थोरलीनं त्याला बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही, पाणी आणून ठेवलं. दाजी खाटेवर बसून होता. एका गोदामात रात्रपाळीचं काम मिळालं होतं, कुत्र्याशिवायचं, त्यामुळे दुपारचा तो घरी असे.

पेंग्विन इकडचं तिकडचं सांगत राहिला. मुकादम विचारत असतो, चहावाला विचारत असतो. परदेशातल्या लोकांनी माल घ्यायचं ठरवलं. फ्रीझरच्या दारावर मोठी लाल पाटी लावली आहे, कुत्र्यांना आत नेण्यास सक्त मनाई. पाहणीला येणारे त्या पाटीचा फोटो काढून नेतात.

"आणि गेटवर?" दाजीनं विचारलं.

गेटवर काही पाटी नव्हती. नवा कुत्रा आला होता, धाकटीपेक्षाही दाट केसांचा. त्याच्याबरोबर नवा माणूस, तो कोणाशी बोलत नाही. जॅकेट तेच, धुऊन घेतलेलं. मुसकंही तेच. पेंग्विननं हे इतक्या हळू सांगितलं, की थोरलीनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय म्हणालास.

मग त्याच्यानं राहवलं नाही. तो खाटेजवळ खाली बसला आणि बोलायला लागला. चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजरनं त्याला बोलावलं होतं. म्हणाला, तुझ्या दाजीनं फ्रीझरला नेऊ दिली हे उघड झालं तर एजन्सी कुत्रीची सगळी भरपाई त्याच्याच गळ्यात मारेल, पोलिसातही देईल. तू तुझ्या अंगावर घे, मुसक्याचं नाव काढू नकोस, मी दोघांनाही वाचवतो. पेंग्विनला वाटलं, आपल्या बहिणीचा संसार आहे, आपल्या एका शब्दानं वाचत असेल तर वाचवावा. त्याला खरंच तसं वाटलं होतं. अजूनही, सांगताना, त्याला आपण नेमकं कुठे चुकलो ते कळत नव्हतं, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"दाजी, मी तुम्हाला वाचवायला गेलो हो."

दाजीनं त्याच्याकडे बघितलं. राग यावा असं त्याला फार वाटत होतं. या माणसाला उचलून दाराबाहेर टाकावं, असं कितीदा मनात घोकून ठेवलं होतं. पण समोर बसलेल्या त्या बुटक्या माणसावर राग धरून ठेवणं म्हणजे नळाच्या पाण्यावर राग धरणं. सोडलं तिकडे वाहणार.

"तिलाही तू वाचवायलाच गेला होतास," तो म्हणाला.

थोरली दारात येऊन उभी राहिली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि भावाला म्हणाली, की चार घास खाऊन घे, तुझी पाळीची वेळ झाली. तो मान खाली घालून जेवला. मग बूट घातले आणि निघाला, कारण उशीर झाला तर मॅनेजर आत घेत नसे. बाहेर रस्ता पांढराफटक पडला होता. दाजीनं दार लावून घेतलं, ऊन आत येत होतं म्हणून.